अतिसूक्ष्म खोलसागरी शंख : केवळ कवचावरून नव्या जातीचे वर्णन

खोल समुद्राच्या तळाचा गाळ बारीक चाळणीत धुतला, की खाली राहिलेल्या कणांत एक-दोन मिलिमीटरचे शंख सापडतात. बहुतेक रिकामे असतात. अशा कवचांवरून गोगलगायींची, म्हणजे उदरपाद वर्गातील प्राण्यांची, नवी जाती ठरवणे हे मृदुकायशास्त्रातील नाजूक, पण मान्यताप्राप्त काम आहे.

या कामाचा एक महत्त्वाचा अध्याय अरबी समुद्राच्या परिसरात घडला. इंडो-युरोपियन तारखात्याच्या सेवेतील एफ. डब्ल्यू. टाउनसेंड यांनी १८९३ पासून पर्शियन आखात, ओमानचे आखात आणि अरबी समुद्र येथून शंख जमवले. इंग्लंडमधील जेम्स कॉस्मो मेल्विल यांनी, काही वेळा रॉबर्ट स्टँडन यांच्यासह, त्यांची वर्णने प्रसिद्ध केली. ओमानच्या आखातातील १५६ फॅदम, म्हणजे सुमारे २८५ मीटर खोलीचे एक स्थान त्यांच्या लेखांत वारंवार येते. सागरतळावरील तारांची देखभाल करणाऱ्या खात्यामुळे शंखशास्त्राची अशी भरभराट व्हावी, हा योगायोग मोठा सुखद आहे.

वर्णनकर्त्याचे लक्ष प्रथम शंखाच्या टोकाकडे जाते. तेथील आद्यकवच, म्हणजे प्रोटोकॉंक, अंड्यात आणि डिंभावस्थेत तयार होते व पुढील वेटोळी त्यालाच जोडून वाढतात. ते लहान बिंदूपासून निघून अनेक वेटोळ्यांचे झाले असेल, तर डिंभ पाण्यात तरंगत प्लवक खात वाढला असावा. ते फुगीर व जेमतेम एका वेटोळ्याचे असेल, तर डिंभाचे पोषण बहुधा अंड्यातील बलकावर झाले असावे. हेटेरोब्रँकिया गटात आद्यकवच डावीकडे वळते आणि प्रौढ कवच सामान्यतः उजवीकडे. व्हेटिगॅस्ट्रोपोडा गटात प्लवकभक्षी डिंभ आढळत नाहीत. त्यामुळे बहुवेटोळी टोक दिसले, की तो गट तत्काळ वगळता येतो. सोन्याचा पातळ थर देऊन स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास या टोकावरील रेषा, जाळी आणि खळगे स्पष्ट होतात. टोक झिजलेले असेल, तर कितीही सुबक शंखाला नाव देण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे.

याचे कारण आकाराची फसवणूक. लहान, चपटी, उघड्या नाभीची, स्कीनिया या वंशातील शंखांसारखी दिसणारी कवचे एकमेकांशी दूरचे नाते असलेल्या अनेक कुळांत स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली आहेत. प्राणी हाती असता, तर रॅड्युला या दंतपट्टिकेवरून किंवा डीएनएवरून कूळ ठरले असते. रिकाम्या शंखात ते पुरावे नसतात. शिवाय सूक्ष्म शंख हा मोठ्या जातीचे पिल्लूही असू शकतो. उथळ पाण्यातील कवच उतारावरून घसरून खोल तळाशी आलेले असू शकते, तर कधी ते हिमयुगातील जीवाश्मही निघते.

तरीही या कवचांकडे दुर्लक्ष करता येत नाही. न्यू कॅलेडोनियातील कूमॅक येथे २९५ चौरस किलोमीटरच्या उथळ क्षेत्रात २,७३८ मृदुकाय जाती मिळाल्या. त्यांपैकी सुमारे एक पंचमांश जातींचा एकच नमुना हाती आला. किनाऱ्यालगत ही स्थिती, तर खोल समुद्रात जिवंत नमुन्याची वाट किती काळ पाहायची?

निर्णय होईपर्यंत वंशनामापुढे ‘एसपी.’, म्हणजे अनिर्धारित जाती, किंवा ‘सीएफ.’, म्हणजे अमुक जातीशी तुलनीय, अशी नोंद करतात. नामकरणाचे नियम मात्र काटेकोर आहेत. १९९९ नंतर प्रसिद्ध झालेल्या नव्या जातीसाठी नामधारक नमुना, म्हणजे सामान्यतः होलोटाइप, स्पष्टपणे निश्चित करावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे किंवा ठेवला जाईल, हेही लिहावे लागते. मेल्विल यांच्या काळी हे बंधन नव्हते. म्हणूनच त्यांच्या जातींशी आजचा शंख ताडून पाहताना अभ्यासकाला छापील चित्रावर विसंबता येत नाही. संग्रहालयातील मूळ नमुने काढून, त्यांतला नेमका कोणता शंख वर्णनाचा आधार होता, हे आधी निश्चित करावे लागते.