शस्त्रक्रियेआधीची दहा मिनिटे

ऑपरेशन थिएटरमध्ये स्तनाच्या कर्करोगाची रुग्ण टेबलावर आहे. पूर्ण भूल चढलेली आहे, त्यामुळे दुखण्याचा प्रश्नच नाही. तरीही सर्जन हातात सिरिंज घेतात आणि गाठीच्या भोवती, वर, खाली आणि चारही बाजूंना, लिग्नोकेन टोचतात. दात काढण्याआधी हिरडी बधिर करायला वापरतात, तेच हे औषध. मग सात ते दहा मिनिटे थांबायचे. पहिला छेद त्यानंतर.

या थांबण्याला कारण आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पॅरिसला युरोपातल्या कर्करोगतज्ज्ञांची परिषद भरली होती. तिथे मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरचे तत्कालीन संचालक डॉ. राजेंद्र बडवे यांनी एका चाचणीचे निकाल मांडले. भारतातल्या ११ केंद्रांवर २०११ पासून चाललेल्या या चाचणीत सुमारे १,६०० स्त्रिया होत्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत विभागणी केलेली होती. एका गटाला शस्त्रक्रियेआधी हे इंजेक्शन मिळाले, दुसऱ्याला नाही. बाकीचे उपचार दोन्ही गटांना सारखेच. पाच वर्षांनी इंजेक्शन न मिळालेल्या गटात ८६.४ टक्के स्त्रिया हयात होत्या, मिळालेल्या गटात ९०.१ टक्के. आजार न उलटता पाच वर्षे काढलेल्यांचे प्रमाण ८२.६ वरून ८६.६ टक्क्यांवर गेले होते. इंजेक्शनचा खर्च रुग्णामागे शंभर रुपयांच्या आसपास. २०२३ मध्ये ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’ने हा अभ्यास छापला.

बातम्यांमध्ये तो ‘शंभर रुपयांचा चमत्कार’ म्हणून गाजला. पण चमत्कार एका रात्रीत होतात. या इंजेक्शनमागे तीस वर्षे चिवटपणे लावून धरलेला एक प्रश्न आहे: सर्जनची सुरी लागते त्या घटकेला शरीरात नेमके काय घडते?

हा प्रश्न वेगळा का, हे कळायला थोडे मागे जावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या विल्यम हॉल्स्टेड यांनी संपूर्ण स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी एकत्र काढून टाकण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. जितके जास्त कापू तितका रोग मुळापासून जाईल, हा त्यामागचा विश्वास. तो जवळजवळ पाऊणशे वर्षे टिकला. पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर यांनी मोठ्या चाचण्या घेऊन त्याला धक्का दिला. नुसती गाठ काढून किरणांचा शेक दिला तरी स्त्रिया तितक्याच जगतात, हे त्यांनी दाखवले. स्तनाचा कर्करोग सुरुवातीपासूनच रक्तावाटे शरीरभर फिरू शकतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यामुळे भर केमो आणि हार्मोनच्या गोळ्यांवर गेला. सर्जनने किती कापावे यावर वाद झडले, पण केव्हा आणि कोणत्या स्थितीत कापावे याकडे फारसे कुणी वळले नाही.

बडवे तिकडे वळले ते लंडनमध्ये. गायज हॉस्पिटलमध्ये इयन फेन्टिमन यांच्या गटाबरोबर त्यांनी १९७५ ते १९८५ या काळात शस्त्रक्रिया झालेल्या, पाळी सुरू असलेल्या २४९ स्त्रियांच्या जुन्या नोंदी तपासल्या. शस्त्रक्रिया पाळीच्या चक्राच्या कोणत्या दिवशी झाली, एवढेच पाहायचे होते. पाळी सुरू झाल्यापासून तिसऱ्या ते बाराव्या दिवसात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी दहा वर्षांनी ५४ टक्के हयात होत्या, इतर दिवशी झालेल्यांपैकी ८४ टक्के. १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा निबंध आला आणि वादळ उठले. मिलानच्या उंबेर्तो वेरोनेसी यांच्या नोंदींनी त्याला काही अंशी दुजोरा दिला. पुढे अमेरिकेत आखून केलेल्या पाहणीत मात्र असा फरक दिसला नाही. जुन्या फायलींवरून काढलेला निष्कर्ष कितीही डोळ्यांत भरला, तरी त्यावर उपचार बेतता येत नाही. त्यासाठी चाचणीच लागते.

ती चाचणी मुंबईत, परळच्या टाटा मेमोरियलमध्ये झाली. ते ‘इतर दिवस’ बहुतांशी पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धातले, आणि तेव्हा शरीरात प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढलेले असते. मग शस्त्रक्रियेच्या ५ ते १४ दिवस आधी प्रोजेस्टेरॉनचे एकच इंजेक्शन दिले तर? १९९७ ते २००८ या काळात १,००० स्त्रियांवर हे करून पाहिले. २०११ मध्ये जाहीर झालेल्या निकालात एकूण रुग्णांमध्ये ठाम फरक नव्हता. ज्यांच्या काखेतल्या ग्रंथींत रोग पोचला होता, त्यांच्यात मात्र पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ६६.८ वरून ७५.७ टक्के झालेले दिसले. उत्तर अर्धेच मिळाले होते, आणि मांडलेही तसेच अर्धे म्हणून.

पुढची चाचणी तर सर्जनच्या हातातली सुरीच काढून घेणारी होती. रोग हाडांत, यकृतात किंवा फुप्फुसात पसरल्यावरही स्तनातली मूळ गाठ काढल्यास आयुष्य वाढते, असे अनेकांना वाटत होते, कारण जुन्या नोंदी तसे सुचवत होत्या. २००५ ते २०१३ या काळात टाटामध्ये, केमोला प्रतिसाद दिलेल्या अशा ३५० स्त्रियांची दोन गटांत विभागणी केली. शस्त्रक्रिया झालेल्या गटातल्या निम्म्या स्त्रिया १९.२ महिन्यांहून जास्त जगल्या, न झालेल्या गटातल्या निम्म्या २०.५ महिन्यांहून जास्त. त्याहून खुपणारी बाब म्हणजे शस्त्रक्रिया झालेल्या गटात इतर अवयवांतला रोग जास्त वेगाने बळावला. तुर्कस्तानातल्या चाचणीने पुढे उलट सूर लावला, तर अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने मुंबईच्या निष्कर्षाला पुष्टी दिली. या अवस्थेतल्या असंख्य स्त्रियांची एक व्यर्थ शस्त्रक्रिया आता टळू शकते, आणि हे एका सर्जनने सिद्ध केले.

या तिन्ही अभ्यासांचा रोख एकच आहे. गाठीला हात लावल्यावर होणारी ओढाताण आणि दाब कर्करोगाच्या पेशींना सावध करत असावेत आणि पळायला वाट करून देत असावेत. लिग्नोकेन पेशीच्या पडद्यावरची सोडियमची दारे बंद करते. नसा त्यामुळेच बधिर होतात. तीच दारे कर्करोगाच्या पेशींवरही असतात, आणि त्या हलण्यासाठी व इतर ऊतींत घुसण्यासाठी ती वापरतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. गाठीभोवतीचा सारा भाग बधिर करून मगच सुरी चालवायची, हा विचार इथून आला.

आक्षेप आहेतच. दुसऱ्या गटाला नुसत्या पाण्याचे इंजेक्शन दिले नव्हते, त्यामुळे कोणाला औषध मिळाले हे सर्जनला ठाऊक होते. आधी केमो घेतलेल्या स्त्रिया या चाचणीत नव्हत्या, म्हणजे त्यांच्याबद्दल ती काहीच सांगत नाही. पेशींत नेमके काय घडते, याचा रुग्णाच्या शरीरातला पुरावा अजून जमवायचा आहे. दुसऱ्या एखाद्या देशाने ही चाचणी पुन्हा करून पाहायला हवी. पण तिचा खर्च कोण करणार? लिग्नोकेनचे पेटंट कधीच संपले आहे. ते खपवून कुठल्याच कंपनीला मोठा नफा मिळत नाही, म्हणून डॉक्टरांच्या परिषदांत त्याचे स्टॉलही सहसा दिसत नाहीत.

हे संशोधन परळलाच का होऊ शकले, याचे उत्तर तिथल्या गर्दीत आहे. सर दोराबजी टाटा ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय सुरू केले. १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे. बिहार-बंगालपासून विदर्भ-मराठवाड्यापर्यंतचे रुग्ण इथे येतात. कित्येकांचे बिऱ्हाड उपचार संपेपर्यंत दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत असते. अशा रुग्णासाठी लाखो रुपयांच्या औषधाइतकेच शंभर रुपयांचे औषधही मोलाचे असते, आणि ते खरेच चालते का हे तपासणे हे सार्वजनिक रुग्णालयाचेच काम. २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने देशभरातली रुग्णालये जोडली. पुढे औषधांची एकत्रित खरेदी करून किमतीही खाली आणल्या. बडवे यांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२३ मध्ये संचालकपदाची सूत्रे डॉ. सुदीप गुप्ता यांच्याकडे गेली.

स्वस्त उपायाची दुसरी मोठी कसोटी याच रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत घेतली. डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९८ मध्ये ती सुरू झाली आणि ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया तिच्यात सामील झाल्या. मॅमोग्राफीचे यंत्र नव्हते. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातांनी स्तनांची तपासणी करत. अशा चार फेऱ्या झाल्या, आणि एकूण २० वर्षे पाठपुरावा. २०२१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निकाल आला. सर्व वयोगट मिळून मृत्यूंत १५ टक्के घट दिसली, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. पन्नाशी आणि त्यापुढच्या स्त्रियांत मात्र मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत तसा फायदा दिसला नाही, तरी तपासणी झालेल्या गटात रोग लवकरच्या टप्प्यावर सापडला.

भारतात २०२२ मध्ये स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण सापडल्याचा आणि ९८ हजारांवर स्त्रिया दगावल्याचा अंदाज आहे. या दोन आकड्यांमधले अंतर इतके कमी असण्याचे मोठे कारण उशीर हे आहे. गाठ दुखत नाही, म्हणून ती दाखवली जात नाही. लिग्नोकेनचे इंजेक्शनही लवकर आलेल्या, थेट शस्त्रक्रिया करता येणाऱ्या रुग्णांसाठीच आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तिशीनंतर दर पाच वर्षांनी स्तनांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत व्हायला हवी. हातांनी होणाऱ्या या तपासणीचीही जाहिरात करणारे कुणी नाही. म्हणून वाचक भगिनींनी ती आपणहून मागून घ्यावी, घरातल्या पन्नाशीच्या पुढच्या आई, मावशी, सासूबाईंना सोबत न्यावे, आणि हाताला गाठ लागली तर ती दुखत नसली तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावी.