जोजिलाचा उशिरा येणारा हिवाळा

काही वर्षांपूर्वीपर्यंत जोजिला खिंड एकदा बर्फाने बंद झाली की उघडायला एप्रिल-मे उजाडायचा. सोनमर्ग आणि द्रास यांच्यामधली, ११,६४९ फुटांवरची ही खिंड. श्रीनगर-लेह रस्ता इथे तुटला की कारगिल, लेहकडे रस्त्याने जाणारा माल आणि माणसं दोन्ही अडतात.

२०२२ मध्ये ती ७३ दिवस बंद होती, २०२३ मध्ये ६८, २०२४ मध्ये ३५ आणि २०२५ मध्ये अवघे ३२. हे आकडे वाचून तिथली हवा निवळली असं कुणालाही वाटेल. मला तसं वाटत नाही. २०२५ मध्ये खिंड बंद पडली तीच मुळी फेब्रुवारी सरताना. २७ फेब्रुवारी ते १६ मार्च पश्चिमी झंझावात एकामागून एक येत राहिले आणि ऐन वसंतात बर्फाचे थर चढले. पुढच्या पंधरवड्यात सीमा रस्ते संघटनेने तो उपसला, १ एप्रिलला गाड्या सुटल्या. श्रेय त्या माणसांचं आहे.

सोनमर्गकडून संघटनेच्या ‘बीकन’ आणि द्रासकडून ‘विजयक’ या प्रकल्पांची यंत्रं एकमेकांच्या दिशेने बर्फ कापत येतात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसाहून कितीतरी उंच पांढऱ्या भिंती उभ्या राहतात. खिंडीत वारा घुसला की भुरभुरीत बर्फ उडून नुकत्याच मोकळ्या केलेल्या पट्ट्यात पुन्हा भरतो, आणि तेच काम पुन्हा करावं लागतं. दुपारच्या उन्हाने जड झालेला बर्फ उतारावरून सुटतो, तो धोका वेगळाच.

या झंझावातांची झळ आपल्या महाराष्ट्रालाही लागते. त्यांचा प्रभाव दक्षिणेकडे उतरला आणि समुद्रावरच्या बाष्पाशी त्यांची गाठ पडली की गारा पडतात. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीने द्राक्षं, गहू, हरभरा झोडपला, ते मराठवाडा आणि नाशिककडचे शेतकरी विसरलेले नाहीत.

पुन्हा खिंडीकडे येऊ. तिच्या अलीकडचा, सोनमर्गचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा जानेवारी २०२५ मध्ये खुला झाला. पण खुद्द जोजिलाखालचा बोगदा पुरा होईपर्यंत भिस्त खिंडीवरच. म्हणून वसंतात तिकडे निघणार असाल तर हाताशी एक-दोन दिवस जादा ठेवा, आणि पोलिसांनी गाडी सोनमर्गला थांबवली तर चालकाला पुढे दामटायला सांगू नका.