फक्त एक कसोटी!

क्विझमधला हमखास प्रश्न: १५ नोव्हेंबर १९८९ला कराचीत कोणत्या भारतीयाने कसोटी पदार्पण केलं? सगळे ओरडतात, 'सचिन!' बरोबर, पण अर्धंच. त्याच दिवशी सोलापूरचा फास्ट बोलर सलील अंकोलाही भारताकडून पहिल्यांदा उतरला होता. सचिनच्या कसोट्या झाल्या २००. सलीलची? एक! विकेट्स दोन. पुढे २० वन-डे खेळला, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी पायाच्या हाडातल्या ट्यूमरने त्याचं क्रिकेटच थांबवलं.

डोंबिवलीच्या नीलेश कुलकर्णीची गंमत वेगळी. १९९७, कोलंबो. कसोटीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर विकेट! असं करणारा तो पहिला भारतीय. मग श्रीलंकेने ठोकल्या ६ बाद ९५२, आणि नीलेशचा हिशेब झाला ७० ओव्हर्स, १९५ रन्स, तीच एक विकेट. एकूण कसोट्या तीन, विकेट्स दोन.

यांना फ्लॉप म्हणायचं? मला नाही पटत. १९३२ पासून भारताची कसोटी कॅप मिळालेले पुरुष तीनशेच्या थोडेच वर आहेत. आमच्या दोडामार्गात टेनिस बॉलवर घाम गाळणाऱ्या पोरांना विचारा, रणजीसुद्धा किती लांब आहे ते! तेव्हा बॉस, पुढच्या अप्रेझलला कोणी फक्त आकडे मोजले, तर सलीलची ती एक कसोटी आठवा.