घरच्या घरी आयएनआर: यंत्र कसे मिळते, पैसे कोण भरते

हृदयात धातूची कृत्रिम झडप बसवलेल्या रुग्णाला रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. अमेरिकेत ही गोळी वॉरफरिन असते. भारतात वॉरफरिनच्या जोडीने असेनोकुमेरॉलही सर्रास दिले जाते. पुष्कळ घरांत ते ‘ॲसिट्रोम’ म्हणून ओळखीचे आहे. मात्रा कमी पडली तर झडपेवर गुठळी धरते, आणि ती मेंदूत जाऊन अडकली तर पक्षाघात होतो. मात्रा जास्त झाली तर रक्तस्राव होतो. पालेभाज्यांचे प्रमाण एकदम बदलले किंवा एखादे प्रतिजैविक सुरू झाले तरी गोळीचा परिणाम वरखाली होतो. म्हणून रक्त गोठायला किती वेळ लागतो हे वरचेवर मोजावे लागते. या मोजणीचा आकडा म्हणजे आयएनआर. जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये ही पद्धत ठरवून दिली, तेव्हापासून वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येऊ लागले. गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या रुग्णाचा तो साधारण २ ते ३ मध्ये, तर डावीकडच्या मिट्रल जागी धातूची झडप असल्यास बहुधा २.५ ते ३.५ मध्ये ठेवतात.

अशी तपासणी न लागणारी नवी औषधे आली आहेत, पण धातूच्या झडपेला ती चालत नाहीत. डॅबिगॅट्रान या औषधाची या रुग्णांवरील चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे या रुग्णांची आयएनआरपासून सुटका नाही.

घरी वापरायचे यंत्र तळहातावर मावते. बोटाला टोचून आलेला रक्ताचा थेंब स्ट्रिपवर ठेवला की स्ट्रिपमधले रसायन गोठण्याची क्रिया सुरू करते आणि सुमारे मिनिटभरात आकडा दिसतो. यंत्र एकदाच घ्यायचे असते. स्ट्रिप मात्र प्रत्येक तपासणीला नवी लागते. खरा खर्च इथे आहे, आणि यंत्राच्या किमतीकडे पाहून निर्णय घेणाऱ्या कुटुंबांच्या तो उशिरा लक्षात येतो.

अमेरिकेत हे यंत्र डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. मुख्यतः ६५ वर्षांवरील लोकांसाठी असलेल्या मेडिकेअर या सरकारी विम्याने २००२ मध्ये घरच्या तपासणीचा खर्च देणे सुरू केले, तेही फक्त धातूची झडप असलेल्यांसाठी. २००८ मध्ये हृदयाचे ठोके कायम अनियमित असलेले आणि शिरांमध्ये गुठळ्या झालेले रुग्ण त्यात आले. डुकराच्या ऊतीपासून बनवलेली झडप या राष्ट्रीय नियमात धरलेली नाही. रुग्णाने आधी किमान तीन महिने गोळी घेतलेली असावी, समोरासमोर प्रशिक्षण घेऊन यंत्र नीट हाताळून दाखवावे आणि आठवड्यातून एकापेक्षा जास्त तपासणी करू नये, अशा अटी आहेत. बहुतेक रुग्ण यंत्र विकत घेतच नाहीत. डॉक्टरांची चिठ्ठी तपासणी-सेवा देणाऱ्या कंपनीकडे जाते. ती यंत्र वापरायला देते, शिकवते, स्ट्रिप घरपोच पाठवते, रुग्णाने कळवलेला आकडा डॉक्टरांपर्यंत पोचवते आणि दर चार तपासण्यांमागे मेडिकेअरला बिल लावते. वार्षिक वजावट भरून झाली की ८० टक्के रक्कम मेडिकेअर देते; उरलेले २० टक्के रुग्णाने किंवा त्याच्या पूरक विम्याने द्यायचे. यंत्रासोबत शिकवणारा आणि आकडा पाहणारा माणूसही मिळतो, ही या व्यवस्थेची खरी जमेची बाजू.

अमेरिकेत मुलांकडे काही महिने राहायला जाणाऱ्या मराठी आईवडिलांना ही सोय मिळत नाही. ग्रीनकार्ड असले तरी मेडिकेअर विकत घेण्यासाठी तिथे सलग पाच वर्षांचे वास्तव्य लागते. असेनोकुमेरॉल अमेरिकेत विकले जात नाही, त्यामुळे मुक्कामापुरत्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी इथूनच न्यावी लागते.

ब्रिटनमध्ये उलटा प्रकार आहे. तिथे यंत्र बहुधा रुग्णच स्वतःच्या पैशाने घेतो. २०१४ मध्ये नाइस या संस्थेने अशा तपासणीची शिफारस केली तेव्हा ते सुमारे ३०० पौंडांना होते. स्ट्रिप मात्र फॅमिली डॉक्टर राजी असतील तर सरकारी आरोग्यसेवेच्या चिठ्ठीवर मिळतात. वारंवारचा खर्च सरकारने उचलावा हे तत्त्व अधिक न्यायाचे आहे.

भारतात हा खर्च बहुतांशी रुग्णाच्या खिशातून होतो. नेहमीचा मेडिक्लेम रुग्णालयात दाखल होण्याशी बांधलेला असतो, आणि आयएनआर तर बाह्यरुग्ण तपासणी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत झडपेची शस्त्रक्रिया मोफत होऊ शकते, पण त्यानंतर गोळी आणि तपासणी वर्षानुवर्षे चालू राहते. इथे झडप बदलावी लागणाऱ्यांत संधिवाताच्या तापाने हृदय बिघडलेले तरुण, विशेषतः स्त्रिया, बरेच आहेत, आणि विश्वासाची प्रयोगशाळा अनेकदा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी असते. यंत्राची सर्वात जास्त गरज ज्यांना आहे, त्यांनाच ते परवडत नाही.

घरच्या तपासणीचा फायदा किती, यावरही संशोधन झाले आहे. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत २,९२२ रुग्णांवर केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, घरी दर आठवड्याला आणि दवाखान्यात दर महिन्याला तपासणी करणाऱ्यांमध्ये पक्षाघात, मोठा रक्तस्राव किंवा मृत्यू यांबाबत ठळक फरक दिसला नाही. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा मात्र गुठळ्यांचे प्रमाण बरेच घटल्याचे सांगतो. तरी माजी सैनिकांच्या अभ्यासाकडे पाहता, जवळच चांगली प्रयोगशाळा असलेल्या आणि तिथे नियमित तपासणी करणाऱ्या रुग्णाने यंत्र घेतले नाही म्हणून त्याचे फारसे बिघडत नाही.

घ्यायचेच ठरले तर स्ट्रिपची मुदत आणि साठवण पाहावी. प्रचलित यंत्रांपैकी कोॲगुचेकच्या स्ट्रिप २ ते ३० अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या असतात, तेव्हा विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्यांची जागा फ्रिजमध्येच. तीव्र रक्तक्षय असल्यास किंवा अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे असल्यास आकडा चुकू शकतो. पहिला आकडा त्याच दिवशीच्या प्रयोगशाळेच्या आकड्याशी ताडावा आणि फार मोठा आकडा आला तर शिरेतून रक्त देऊन खात्री करावी. गोळीची मात्रा मनाने बदलू नये. पैसे मोजण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: वर्षभराच्या स्ट्रिपना किती खर्च येईल, आणि आकडा कळवल्यावर त्याच दिवशी उत्तर कोणते डॉक्टर देतील. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत यंत्र घेऊ नये.