अठरा वर्षांनी उघडलेले दार

आमच्या घरी एकदा आईची अंगठी हरवली. संशय सहजच मोलकरणीवर गेला आणि तिचे काम सुटले. दोन वर्षांनी दिवाळीची झाडलोट चालली असता तीच अंगठी एका जुन्या शालूच्या घडीतून खाली पडली. त्या क्षणीचा आईचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. पुढे ऑस्कर स्लेटरची हकीकत वाचताना तोच चेहरा मला पुन्हा पुन्हा आठवला. तिथेही सारा घोळ एका दागिन्यापासूनच सुरू झाला होता.

२१ डिसेंबर १९०८ ची संध्याकाळ. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात मॅरियन गिल्ख्रिस्ट ही ऐंशी वर्षे उलटलेली श्रीमंत वृद्धा घरात एकटी होती. मोलकरीण वर्तमानपत्र आणायला म्हणून जेमतेम दहा मिनिटे बाहेर गेली. परतते तो आवाज ऐकून आलेले शेजारचे गृहस्थ दारात उभे! दार उघडताच आतून एक इसम शांतपणे चालत आला आणि दोघांच्या देखत जिना उतरून पसार झाला. आत बाई मरणोन्मुख होऊन पडल्या होत्या. कागदपत्रांची पेटी फोडलेली होती. दागिन्यांपैकी मात्र हिऱ्यांचा एक ब्रूच तेवढा नाहीसा झाला होता.

थोड्याच दिवसांत पोलिसांना सुगावा लागला. स्लेटर नावाचा एक जर्मन ज्यू ब्रूच गहाण ठेवल्याची पावती विकू पाहत होता. जुगारी माणूस, नावे बदलून राहणारा, आणि नेमका तेव्हाच अमेरिकेच्या बोटीवर चढलेला! आणखी काय हवे? पण चौकशीत निघाले भलतेच. तो ब्रूच खुनाच्या महिनाभर आधीच गहाण पडला होता आणि तो त्या बाईंचा नव्हताच!

वाचकहो, इथेच हे प्रकरण संपायला हवे होते. पण पोलिसांनी माणूस सोडला नाही. ओळख पटवण्याआधीच साक्षीदारांना त्याचे फोटो दाखवण्यात आले. स्लेटर तर आपणहून न्यूयॉर्कहून परत आला होता! मे १९०९ मध्ये एडिंबरोला खटला चालला. पंधरा ज्यूरर्सपैकी नऊ म्हणाले 'दोषी', पाच म्हणाले 'शाबीत नाही' आणि एक म्हणाला 'निर्दोष'. तिथल्या कायद्याला एवढे बहुमत पुरे होते. फाशीचा दिवसही ठरला. तो दोन दिवसांवर आला असता शिक्षा जन्मठेपेवर आली आणि स्लेटरची रवानगी पीटरहेडच्या तुरुंगात झाली.

शेरलॉक होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉइल यांनी १९१२ साली या खटल्यावर पुस्तिका लिहिली. चोराला दागिने हवे होते की कागदपत्रे, असा साधा प्रश्न त्यांनी विचारला. १९१४ मध्ये जॉन ट्रेंच हा ग्लासगोचाच पोलीस अधिकारी पुढे आला. खुनाच्या रात्रीच मोलकरणीने दुसऱ्याच एका माणसाचे नाव घेतले होते, असे त्याचे म्हणणे. चौकशी झाली ती बंद दाराआड. स्लेटर जिथल्या तिथेच राहिला. नोकरी गेली ती ट्रेंचची! १९१९ मध्ये तो वारला. आपले म्हणणे कुणी ऐकल्याचे पाहण्याचे भाग्य त्याच्या कपाळी नव्हते.

१९२५ मध्ये सुटलेल्या एका कैद्याने स्लेटरची चिठ्ठी तोंडात लपवून बाहेर आणली आणि डॉइलसाहेबांना पोचवली. त्यांनी पुन्हा उचल खाल्ली. १९२७ मध्ये विल्यम पार्क या पत्रकाराचे पुस्तक निघाले, वर्तमानपत्रांनी रान उठवले आणि त्याच नोव्हेंबरात स्लेटर बाहेर आला. मधे अठरा वर्षांहून अधिक काळ गेला होता! एवढ्या जुन्या खटल्यात अपील करण्याची सोयच कायद्यात नव्हती. त्यासाठी पार्लमेंटला खास कायदा करावा लागला.

आणि १९२८ साली शिक्षा रद्द झाली ती कशामुळे? नव्या पुराव्यामुळे नव्हेच! मूळ न्यायाधीशांनी ज्यूरीला आरोपीच्या चारित्र्याविषयी चुकीचे मार्गदर्शन केले, या एका मुद्द्यावर. भरपाई मिळाली सहा हजार पौंड. खरा खुनी कोण, ते आजतागायत सिद्ध झालेले नाही.

ही परदेशची जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावी म्हटले, तर आपल्या नाशिक जिल्ह्याकडे पाहावे. २००३ मध्ये तिथे एका कुटुंबावर दरोडा पडला, पाच जणांचे खून झाले. भटक्या जमातीतील सहा जणांना २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने फाशी सुनावली. त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी त्या सहाही जणांना निर्दोष सोडले. हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रीने अगदी पहिल्या दिवसांतच पोलिसांच्या अल्बममधून चार वेगळीच माणसे ओळखली होती. तो कागद इतकी वर्षे असून नसल्यासारखा होता!

'नवा पुरावा' म्हणून आपण ज्याचा गाजावाजा करतो, तो बहुधा असा जुनाच असतो. ट्रेंचला माहीत असलेली गोष्ट खुनाच्या रात्रीचीच होती. नवा असतो तो ऐकून घेणारा कान.

अंगठी सापडली त्याच दिवशी आई मोलकरणीच्या घरी गेली आणि हात जोडून उभी राहिली. ती रागावली नाही, रडलीही नाही. एवढेच म्हणाली, "बाई, मी त्याच दिवशी सांगितलं होतं की!"