वीज घेऊ या मिळून!

मुलांनो, नवापूरचं रेल्वे स्टेशन तुम्ही पाहिलंय का? सुरत-भुसावळ मार्गावरचं हे स्टेशन मोठं गमतीचं आहे. त्याचा काही भाग महाराष्ट्रात, तर काही गुजरातेत! फलाटावरून चालता चालता राज्य बदलतं, आणि राज्याबरोबर विजेची कंपनीही. इकडे महावितरण, तिकडे दक्षिण गुजरात वीज कंपनी. दर ठरवणारे आयोगही दोन. आता नवापुरातल्या एखाद्या आईला वाटलं, की तिकडची वीज स्वस्त असेल तर तिथूनच घेऊ, तर जमेल का? नाही! भाजी दुसऱ्या बाजारातून आणता येते, घरची वीज नाही.

मग ग्राहकानं करायचं काय? एकट्यानं भाव करण्यापेक्षा दहा जणांनी मिळून करावा. सगळ्या वर्गाच्या वह्या एकदम घेतल्या, की दुकानदार भाव कमी करतो ना, तसंच. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीनं हेच केलं. शेजारपाजारची कुटुंबं गट करतात, महिन्याच्या वाणसामानाची यादी एकत्र करतात आणि घाऊक भावात आलेला माल आपसांत वाटून घेतात.

विजेचं असं होईल? अहो, आपल्या राज्यात ते झालंसुद्धा! श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था १९७०च्या सुमारास सुरू झाली. वीज मंडळाकडून घाऊक वीज घ्यायची आणि ती सभासदांच्या घरांपर्यंत, विहिरींवरच्या पंपांपर्यंत पोचवायची, हे तिचं काम. कितीतरी वर्षं ते चाललं. पण घाऊक दर किती असावा यावर वाद झाले, थकबाकीचा डोंगर वाढला. अखेर २०११ मध्ये तिथलं वीजवाटप महावितरणकडे गेलं. म्हणजे नुसती एकी पुरत नाही. हिशेब चोख हवा आणि पैसे वेळेवर जायला हवेत.

२००३च्या वीज कायद्यानं मोठ्या ग्राहकांना आपला वीजपुरवठादार निवडण्याची वाट मोकळी केली. त्यासाठी मागणी मात्र एक मेगावॅटच्या वर हवी. एक मेगावॅट म्हणजे १००० किलोवॅट! पुढे २०२२च्या नियमांनी सौर, पवन अशा हरित विजेसाठी ही अट १०० किलोवॅटवर आणली. कारखान्यांना हे सोपं. एकट्या घराची मागणी मात्र त्याच्या जवळपासही जात नाही.

पण छोट्या ग्राहकाच्या हातातही एक हत्यार आहे. दर वाढवायचे, तर कंपनीला महाराष्ट्र वीज नियामक आयोगापुढे जावं लागतं. आयोग जाहीर सुनावणी घेतो. तिथं कुणीही ग्राहक लेखी हरकत देऊ शकतो, उभं राहून बोलू शकतो. पुण्याची 'प्रयास' ही संस्था अशा सुनावण्यांत आकडे मांडून ग्राहकांची बाजू सांगत आली आहे. गावातल्या पन्नास घरांनी मिळून एक नीट अर्ज केला, तर तोही भाव करणंच झालं की!

तर मग आज एक काम करा. घरचं वीजबिल मागून घ्या. त्यात 'मंजूर भार', 'स्थिर आकार', 'वहन आकार' हे शब्द शोधा आणि त्यांचा अर्थ आईबाबांना विचारा. त्यांनाही ठाऊक नसेल, तर सगळे मिळून शोधा. ज्याला बिल वाचता येतं, त्यालाच भाव करता येतो!