कागदावरील रेषा, संगणकातील भिंत

घराच्या नकाशाचा एखादा कागद मिळाला, तर तो टेबलावर पसरून नीट पाहा. जेथे भिंत आहे तेथे तुम्हांला दोन समांतर रेषा दिसतील. दाराच्या जागी वर्तुळाचा चतुर्थांश कंस दिसेल. दार उघडताना त्याची कड ज्या मार्गाने फिरते, तो मार्ग या कंसाने दाखविलेला असतो. आता सांगा, एवढ्यावरून भिंतीची उंची कळेल काय? ती विटांची की काँक्रीटची, हे समजेल काय? नाही. कागदावर फक्त रेषा आहेत. त्यांची भिंत आपण मनात बांधतो.

संगणकाला असे मन नसते. १९६३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे इव्हान सदरलँड यांनी 'स्केचपॅड' ही आज्ञावली तयार केली आणि प्रकाशलेखणीने पडद्यावर रेषा काढता येऊ लागल्या. १९८२ साली 'ऑटोकॅड' बाजारात आले. परंतु अशा चित्रात रेषा म्हणजे तिच्या दोन टोकांचे सहनिर्देशक, एवढेच. १९७५ साली चार्ल्स ईस्टमन यांनी रेखाचित्रांऐवजी इमारतीचे वर्णनच संगणकात साठवावे, असा विचार मांडला. त्या दिशेने वाढलेल्या पद्धतीला आज 'बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग' किंवा थोडक्यात 'बिम' म्हणतात. येथे भिंत ही एक वस्तू असते. तिला लांबी, उंची, जाडी असते. ती कशाची आहे याची नोंद असते.

याचा उपयोग काय? एक उदाहरण करून पाहू. भिंत ४ मीटर लांब, ३ मीटर उंच आणि २३० मिलिमीटर जाड आहे. गवंडी हिला 'नऊ इंची' म्हणतात. तिचे घनफळ ४ × ३ × ०.२३ = २.७६ घनमीटर. तीत ०.९ मीटर × २.१ मीटर मापाचे दार बसविले की ०.४३ घनमीटर वजा होऊन २.३३ घनमीटर उरतात. विटांच्या बांधकामाची घनता दर घनमीटरला सुमारे १,९०० किलोग्रॅम धरली, तर वजन झाले सुमारे ४,४०० किलोग्रॅम! हे ओझे खालच्या तुळईने पेलायचे असते. 'बिम'मध्ये दार सरकवा, मोठे करा. घनफळाचा हिशेब लगेच बदलतो.

मात्र पुष्कळ इमारतींचे नकाशे जुन्या रेखाचित्रांच्याच रूपात असतात. ते 'बिम'मध्ये आणून खाली अंथरतात आणि त्यांवर भिंती उभ्या करतात. या वेळी तीन गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली गोष्ट एककाची. चित्रात '४०००' ही संख्या आहे. ते मिलिमीटर की इंच? मिलिमीटर इंच म्हणून वाचले गेले, तर लांबी २५.४ पट आणि क्षेत्रफळ सुमारे ६४५ पट होते. १२ चौरस मीटरची खोली ७,७४२ चौरस मीटरची होईल! ही चूक कोणाच्याही लक्षात येईल. खरा धोका लहान चुकीचा असतो. दमट हवेने फुगलेल्या कागदाचे चित्र घेतले आणि लांबी-रुंदी २ टक्क्यांनी वाढली, तर क्षेत्रफळ ४ टक्क्यांनी वाढते. डोळ्यांना हे दिसत नाही. पण फरशीचा खर्च तेवढाच चुकतो. म्हणून नकाशावर लिहिलेले एखादे मोठे माप, आडवे आणि उभे असे दोन्ही दिशांनी, ताडून पाहावे.

दुसरी गोष्ट आरंभबिंदूची. सर्वेक्षणाच्या एका प्रचलित पद्धतीत उत्तरेकडील अंतर विषुववृत्तापासून मोजतात. मुंबईसाठी ते सुमारे २,१०० किलोमीटर, म्हणजे २ अब्ज १० कोटी मिलिमीटर येते. पडद्यावर चित्र उमटविताना संगणक अनेकदा ३२ बिटांच्या संख्या वापरतो. त्यांत २४ द्विमान अंकांपुरतीच अचूकता असते. त्यामुळे एवढ्या मोठ्या संख्यांच्या टप्प्यात लागोपाठच्या दोन संख्यांमध्ये १२८ मिलिमीटरचे अंतर पडते. अर्ध्या विटेची भिंत ११५ मिलिमीटर जाड असते. तेव्हा तिच्या दोन्ही बाजू एकाच संख्येवर येऊन भिंत नाहीशी होऊ शकते! यावर उपाय सोपा आहे. इमारतीचा एक कोपरा आरंभबिंदूजवळ ठेवावा आणि त्याचे खरे स्थान वेगळे नोंदवावे.

तिसरी गोष्ट अर्थाची. नकाशा हा इमारतीचा आडवा छेद असतो. जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर इमारत कापली, असे मानून वरून खाली पाहिलेले ते दृश्य होय. छेदाच्या वर असलेली तुळई किंवा माळा तुटक रेषांनी दाखवितात. या तुटक रेषेवर कोणी भिंत उभारली, तर संगणक तक्रार करणार नाही. रेषेचा अर्थ माणसानेच लावायचा असतो.

आता तुम्ही एक प्रयोग करा. टेप घेऊन आपल्या वर्गाची मापे घ्या आणि २ सेंटिमीटर म्हणजे १ मीटर या प्रमाणात आलेखकागदावर नकाशा काढा. तो दुसऱ्या वर्गातील मित्राला द्या आणि केवळ त्यावरून भिंतींचे घनफळ काढायला सांगा. तो तुम्हांला कोणकोणते प्रश्न विचारतो, त्यांची यादी करा. उंची किती? खिडकी जमिनीपासून किती वर? भिंत कशाची? 'बिम'मध्ये नकाशा आणताना हीच सारी माहिती भरावी लागते.